आवडाबाईची धाकटी जाऊ

कोपरीला आमच्या बिल्डिंगमध्ये, माझ्या दारासमोरच्या खोल्यांत दोन जावा राहायच्या. थोरली आवडाबाई आणि धाकटी रखमाबाई. त्यांचे नवरे सख्खे भाऊ. दोघांनाही जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भाऊ गेले म्हणून जावांनी चूल वेगळी केली नाही. बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेलं कुणीतरी हमखास विचारायचं, "या दोघी बहिणी का?" त्यावर आवडाबाईचं उत्तर ठरलेलं. "बहिणी असतो तर कधीच भांडून वेगळ्या झालो असतो."

मला सांगायचं आहे ते रखमामावशीबद्दल. पण आवडाबाईला बाजूला ठेवून तिच्याबद्दल काही सांगताच येत नाही. तिला स्वतःलाही कधी आलं नाही.

दोघी जुन्नरकडच्या. लग्न करून आल्या त्या थेट कोपरीत. आवडाबाईचा नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा मुलगा संदेश अजून रांगत होता. आवडाबाई सातवी शिकलेली. तिनं वागळे इस्टेटमध्ये रेडिओच्या एका कारखान्यात नोकरी धरली. पट्टीवर बारीक तारा डाग देऊन जोडायचं काम. रखमामावशीला मूलबाळ झालं नाही. तिचा नवरा महिपत गोदीत कामाला, सकाळी जायचा तो रात्री यायचा. संदेश दिवसभर मावशीच्या कडेवर वाढला. बोलायला लागला तसा तो मावशीला 'आई' म्हणू लागला आणि जन्म दिलेल्या बाईला 'मोठी आई'. बायकांनी आवडाबाईला यावरून टोचायचा प्रयत्न करून पाहिला. ती म्हणाली, "दिवसभर ती बघते त्याला. मग आई कुणाला म्हणेल? कारखान्याच्या भोंग्याला?"

घरात शब्द चालायचा तो आवडाबाईचा. रेशन काय आणायचं, पंखा कुठला घ्यायचा, गावी कधी जायचं, सगळं ती ठरवायची. मावशीला काहीही विचारलं की पहिलं वाक्य यायचं, "अक्काला विचारते." यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" तर ती हसली. "अगं, वाटून घेतलंय आम्ही. ठरवायचं काम तिचं, करायचं माझं."

आयुष्यात फक्त एकदा मावशीनं हट्ट धरला, आणि तो हट्ट तिला पुढं फार महागात पडला.

चार-पाच वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. योगिनी नावाची एक मुलगी घरोघर फिरत होती. राहणारी कल्याणची, नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलच्या संशोधनात कामाला. पासष्टच्या पुढच्या माणसांची किडनी तपासायची होती. थोडं रक्त, थोडी लघवी, ब्लडप्रेशर आणि बरेचसे प्रश्न. समाजमंदिरात टेबलं मांडली होती. योगिनी दारात उभी राहून समजावत होती. "किडनी खराब होत असली तरी बरीच वर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. वय झालेल्यांची आधीच तपासणी केली तर फायदा होतो का, ते बघायचंय. आपल्याकडेच नाही, बऱ्याच देशांत एकाच वेळी चाललंय हे."

मावशीला त्यातली शेवटची गोष्ट फार आवडली. "म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांना पण हेच विचारणार?"

"हेच. त्यांच्या त्यांच्या भाषेत."

"आणि त्यांची पण लघवी घेणार?"

"घेणार ना."

मावशी तोंडाला पदर लावून हसली. कुठल्यातरी परक्या गावात, परक्या लुगड्यातली एक म्हातारी हातात ती प्लॅस्टिकची डबी घेऊन लाजत उभी आहे, असं तिला दिसलं असावं. ती म्हणाली, "आम्ही येतो."

आतून आवडाबाईचा आवाज आला. "मी नाय येणार. मला काय धाड भरलीय?"

खरंच तिला काही झालेलं नव्हतं. गुडघे दुखायचे तेवढेच. जिने चढायची, बाजार आणायची, नळाला पाणी कमी आलं की खाली जाऊन पंपवाल्याला फैलावर घ्यायची. दवाखान्याची पायरी चढायची वेळ तिच्यावर आली नव्हती, आणि याचा तिला अभिमान होता. पण मावशी अडून बसली. "तुम्ही आला नाय तर मी एकटी नाय जाणार. आणि मला जायचंय." जावेचा हा सूर आवडाबाईला इतका नवा होता की, ती पुटपुटत का होईना, पायात चपला सरकवून निघाली.

काही दिवसांनी निकाल आले. मावशीचं सगळं ठीक होतं. आवडाबाईला पुन्हा बोलावलं. पुन्हा रक्त घेतलं, आणि तीन महिन्यांनी आणखी एकदा. एकदा बिघडलेला आकडा पुरेसा नसतो, तो तसाच राहतो का ते बघावं लागतं, असं योगिनी म्हणाली. तो तसाच राहिला. नौपाड्याच्या हॉस्पिटलात त्यांना घेऊन मी गेले, कारण संदेश डोंबिवलीला राहायचा आणि त्याला सुट्टी मिळत नव्हती.

डॉक्टर मैथिली तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. त्यांनी कागदावर किडनीचं चित्र काढलं. "अक्का, ही गाळणी. तुमची गाळणी निम्म्याहून बरीच कमी काम करतेय. तुमचं ब्लडप्रेशर खूप वर्षं वाढलेलं असणार. कुणी मोजलंच नाही."

"मला चक्कर आली नाय कधी."

"येतेच असं नाही."

"मग आता?"

"आता गोळ्या घ्यायच्या. मीठ एकदम कमी. गुडघ्यासाठी दुकानातून आणून गोळ्या घेता ना, त्या बंद. गाळणी परत नवी होणार नाही. पण आहे ती जास्त दिवस टिकवता येईल."

बाहेर पडल्यावर आवडाबाई जिन्याच्या कठड्याला धरून उतरली. जाताना ती कठडा न धरता चढली होती, हे मी पाहिलं होतं. मावशीनंही पाहिलं होतं.

त्या दिवसापासून घरातला स्वयंपाक बदलला. लोणचं गेलं, पापड गेले, खारवलेल्या मिरच्यांची बरणी मावशीनं मला आणून दिली. आवडाबाईसाठी वेगळं रांधायचं मावशीच्या मनाला येईना, म्हणून ती स्वतःही अळणी जेवू लागली. पुढं रक्तात पोटॅशियम वाढलं तशा भाज्या उकळून पाणी टाकून द्यायला सांगितलं. केळं नको, नारळपाणी नको. जुन्नरच्या बाईला भाकरीबरोबर ठेचा नको म्हणायचं, म्हणजे तिला जेवूच नको म्हणण्यासारखं होतं.

पहिले काही महिने आवडाबाईनं ऐकलं. मग तिचा राग बाहेर पडायला लागला, आणि पडला तो मावशीवर. एका दुपारी ताट सरकवल्याचा आवाज मला माझ्या घरात ऐकू आला.

"चांगली होते मी! चांगली चालत-फिरत होते. तुझ्या त्या सुईनं मला आजारी केलं. नसतं कळलं तर काय झालं असतं? एक दिवस पडले असते. सुटले असते."

मावशी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात खाली बसली. "स्वप्ना, मीच नेलं ना गं तिला," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, आजार तुम्ही दिलात का?" ती म्हणाली, "नाय. पण तो घरात नव्हता. मी घेऊन आले."

आवडाबाई खरंच बदलली होती. जिना उतरायची तर विचार करून. गावच्या जत्रेला जायचं टाळलं. कुणी तब्येत विचारली की पूर्वी "मला काय झालंय!" म्हणणारी बाई आता "बघू" म्हणायची. शरीरानं थकली म्हणून बदलली की कळलं म्हणून, हे सांगणं अवघड होतं. गोळ्यांनी ब्लडप्रेशर मात्र ताब्यात आलं. वर्षाच्या तपासणीला डॉक्टर खूश दिसल्या. जेवढी भीती होती तेवढी किडनी घसरली नव्हती. मावशीनं ते ऐकून देवापुढं साखर ठेवली. आवडाबाईनं त्यातली चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "साखर चालते वाटतं अजून."

अशी दोन-अडीच वर्षं निघाली. मग एका पावसाळ्यात आवडाबाईला साधा ताप आला, जुलाब झाले, आणि त्यातून ती उठली ती वेगळीच होऊन. अंगाला खाज, तोंडाला चव नाही, चार पावलं चालली की धाप. डॉक्टर मैथिलींनी या वेळी संदेशलाही बोलावलं. डायलिसिसचं सांगितलं. आठवड्यातून तीनदा, कायमचं.

संदेश म्हणाला, "किडनी बदलता नाही येत?"

डॉक्टर काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "माझी घ्या."

"काय?"

"माझी किडनी. तुम्हीच म्हणालात ना, माझ्या दोन्ही चांगल्या आहेत. एक अक्काला लावा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी नीट समजावलं, टाळलं नाही. आवडाबाईचं हृदय अशक्त झालं होतं, एवढं मोठं ऑपरेशन तिला झेपणार नव्हतं. कुणाचीही किडनी असली तरी नाही. मावशीचंही वय झालं होतं. आणि कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. बाकीच्यांना वेगळी परवानगी काढावी लागते. "जाऊ त्यात येत नाही, मावशी."

संदेश तिथूनच ऑफिसला गेला. परत येताना आम्ही तिघी रिक्षात होतो. कोपरीच्या पुलाखाली सिग्नलला रिक्षा थांबली. मावशी म्हणाली, "पन्नास वर्षं झाली गं. तरी जाऊ म्हणजे कुणीच नाय?"

मी म्हटलं, "मावशी, खरं कारण हृदयाचं आहे. डॉक्टरांनी ते आधी सांगितलं." पण तिनं ते ऐकलंच नव्हतं. तिच्या कानात एकच वाक्य शिरलं होतं.

आवडाबाई बाहेर बघत होती. म्हणाली, "ही बया मला न विचारता किडन्या वाटत सुटलीय." आणि बोलता बोलता तिनं मावशीचा खांद्यावरून घसरलेला पदर ओढून नीट केला.

संदेशनं आवडाबाईला डोंबिवलीला नेलं. त्याच्या घराजवळच डायलिसिसचं सेंटर होतं, इमारतीला लिफ्ट होती, सूनबाई घरून काम करायची. सगळं बरोबर होतं. मावशीसाठी मात्र तिथं जागा नव्हती. दोन खोल्या, त्यांत नवरा-बायको, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि आता पेशंट. "आई, थोडे दिवस," संदेश मावशीला म्हणाला. "मोठी आई जरा स्थिर झाली की बघू."

लग्न झाल्यापासून मावशी पहिल्यांदाच एकटी राहिली. डायलिसिसच्या दिवशी ती सकाळीच आवरून डोंबिवलीला जायची आणि सेंटरच्या बाहेर बाकावर बसायची. आत जाऊ देत नसत. चार तासांनी आवडाबाई व्हीलचेअरवरून बाहेर यायची, चेहरा फिक्का, डोळे अर्धे मिटलेले. मावशी तिच्याबरोबर संदेशच्या घरी जायची, तिचे पाय चेपायची, वेणी घालायची, आणि संध्याकाळी कोपरीला परत. उरलेल्या दिवशी काय करायचं तिला कळत नसे. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाली, "आज वांगी आणली. करू का भरीत?" मी म्हटलं, "करा की." ती तशीच उभी राहिली. मग माझ्या लक्षात आलं, तिला परवानगी हवी होती. मी म्हटलं, "करा मावशी, आणि मलाही द्या." तेव्हा ती गेली.

डायलिसिस सुरू झाल्यावर आवडाबाईची धाप कमी झाली, खाज कमी झाली. पण त्या दिवसाचा थकवा उतरेपर्यंत पुढचा दिवस उजाडायचा. ब्लडप्रेशर मध्येच खाली जायचं, पायांत गोळे यायचे. हृदय आणखी दमत चाललं. हिवाळा संपता संपता ती एकदा मावशीला म्हणाली, "रखमे, ते मशीन माझं रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत घालतं. धुतल्यावर त्यात माझं काय उरतं कोण जाणे." थोड्या वेळानं म्हणाली, "मला घरी ने."

"संदेशला विचारते."

"त्याला काय विचारतेस? मी तुला सांगतेय. मशीन बास झालं. मला कोपरीला ने."

मावशी त्या दिवशी तशीच कोपरीला परतली. दोन दिवस जेवली नाही. मग मला म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. बोलू नको काही. नुसती चल." रविवार होता. संदेशच्या घरी सगळे होते. आवडाबाई दिवाणावर पडून होती. मावशी पाणीही न पिता उभ्या उभ्या म्हणाली, "संदेश, मी अक्काला न्यायला आलेय."

संदेशला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उठून उभा राहिला. "डायलिसिस बंद केलं तर काय होईल माहितीये ना तुला?"

"माहितीय. डॉक्टरबाईंना विचारून आलेय."

"मग? मरायला नेतेस तिला?" त्याचा आवाज चढला. "आणि तू कोण ठरवणार? आई ती माझी आहे!"

मावशीनं त्याला कडेवर वागवलं होतं, गोवरात रात्ररात्र मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, आता ही परत फिरणार.

दिवाणावरून आवाज आला. बारीक, पण जुन्या धारेचा. "संदेश, तिला आधी पाणी दे. उन्हातून आलीय." मग जरा श्वास घेऊन, "ठरवलंय मी. ती फक्त सांगायला आलीय. आणि ती कोण ते तुला माहीत नसेल तर तुझ्या तोंडाला विचार, पहिल्यांदा आई कुणाला म्हणालं ते."

संदेश बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. त्यानं गाडीची चावी घेतली. कोपरीला पोचल्यावर त्यानं आणि आमच्या मजल्यावरच्या दोघांनी आवडाबाईला खुर्चीत बसवून दोन मजले वर आणलं. ती खुर्चीतून सूचना देत होती, "डावीकडनं धर. भिंत लागेल."

डॉक्टर मैथिलींनी धाप लागली तर, खाज आली तर द्यायची औषधं लिहून दिली. एकदा स्वतः येऊन गेल्या. जाताना मावशीला म्हणाल्या, "आता पथ्य नाही. मागतील ते द्या." मावशीनं त्याच दिवशी तव्यावर मिरच्या, लसूण भाजला, वाटीच्या बुडानं रगडून ठेचा केला, भाकरी थापली. ठसका माझ्या घरापर्यंत आला. आवडाबाईनं एक घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

"झालं नाय अक्का. तुमची जीभ विसरलीय."

दोघी हसायला लागल्या. आवडाबाईला हसताना धाप लागली, तरी दोघी हसत राहिल्या. दुसरा घास काही तिला गेला नाही.

ती अडीच-तीन आठवडे होती. संदेश रोज ऑफिसातून परस्पर कोपरीला यायचा आणि तिच्या पायथ्याशी बसायचा. शेवटी शेवटी ती गुंगीतच असायची. एका दुपारी मावशी तिचं तोंड पुसत असताना तिनं डोळे उघडले. "रखमे, कळलं ते बरं झालं का गं?" मावशी म्हणाली, "कशाचं, अक्का?" पण आवडाबाईचे डोळे पुन्हा मिटले होते. त्यानंतर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, नळाला पाणी यायच्या सुमारास, ती गेली. मावशी शेजारीच बसली होती. तिला कळलं, तरी बराच वेळ तिनं कुणाला हाक मारली नाही.

आमच्याकडे कुणी गेलं की खाली फळ्यावर लिहितात. वॉचमननं लिहिलं होतं, 'पश्चात मुलगा, सून, नात.' संदेश अंत्यविधीची तयारी बघायला खाली उतरला होता. तो फळ्यापाशी थांबला. ओल्या फडक्यानं शेवटची ओळ पुसली आणि स्वतः खडू घेऊन लिहिलं, 'पश्चात धाकटी जाऊ रखमाबाई, मुलगा संदेश, सून, नात.' मावशीनं ते पाहिलं की नाही मला माहीत नाही. तिला त्या दिवशी काही दिसत होतं असं वाटलं नाही.

संशोधन थांबलेलं नव्हतं. वर्षाचा पाठपुरावा करायला योगिनी आली आणि दारातच थबकली. मावशीच म्हणाली, "ये. माझं राहिलंय ना अजून." दंडाला पट्टा बांधला, रक्त घेतलं, मग प्रश्न. जिना चढताना त्रास होतो का. झोप लागते का. गेल्या महिन्यात किती वेळा उदास वाटलं, कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, की नेहमी. मावशी म्हणाली, "नेहमी लिही." सहज म्हणाली. मग योगिनीनं पुढचा प्रश्न वाचला, "घरात तुम्ही कुणाची काळजी घेता का?"

मावशी पलीकडच्या, अक्काच्या कॉटकडे बघत राहिली. योगिनीचा हात थांबला. शेवटी मावशी म्हणाली, "दुसरं विचार."

जाताना योगिनी तिच्याजवळ बसली. म्हणाली, "अक्कांची माहिती पुसली जात नाही, मावशी. गेलेल्या माणसांचीही धरतात. इतर देशांतल्या लोकांबरोबर."

"त्यात ती कशी होती ते आहे?"

"नाही. तेवढं नाही त्यात."

मग मावशी डॉक्टरांना भेटायला गेली. मला बरोबर घेऊन. खुर्चीत टेकायच्या आत तिनं विचारलं, "डॉक्टरबाई, आधी कळलं ते अक्काला बरं झालं का?"

डॉक्टर मैथिलींनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी. गोळ्यांनी त्यांना थोडी वर्षं मिळाली असावीत. पण ती वर्षं त्यांनी धास्तीत काढली, हेही मी पाहिलंय. म्हातारपणी असं शोधून काढल्यानं माणसाचं भलं होतं की नुसतं ओझं वाढतं, तेच कळावं म्हणून तर एवढे लोक मिळून बघतायत."

"कळलं की मला सांगाल?"

"सांगेन."

"मी असले तर," मावशी म्हणाली.

उठताना डॉक्टर म्हणाल्या, "आणखी एक. संदेशची तपासणी झालीय का? तो या अभ्यासात बसत नाही, त्याचं वय कमी आहे. पण आईला होतं, तर त्यानं बघून घ्यायला हवं."

ते वाक्य मावशी घरी घेऊन आली आणि कुणाला बोलली नाही. संदेश दर रविवारी येऊ लागला होता. दुपारी जेवून तो कॉटवर आडवा व्हायचा, मावशी जमिनीवर बसून त्याच्याकडे बघायची. एका रविवारी मी ताकाचं भांडं परत द्यायला गेले, तर ती दारातच मला म्हणाली, "बघ, कसा गाढ झोपलाय. सांगू त्याला? एकदा सांगितलं की ही झोप गेली. अक्काची गेली तशी." मी विचारलं, "आणि नाही सांगितलं तर?" ती आत निघून गेली.

विचारायला आता अक्का नव्हती. किती रविवार तसे गेले देव जाणे. मग एक दिवस तिनं सांगितलं. समजावलं वगैरे नाही, सरळ म्हणाली, "तू रक्त तपासून घे. लघवी पण. मी येते बरोबर."

संदेश चिडला नाही. त्यानं तपासणी केली. ब्लडप्रेशर बरंच वाढलेलं निघालं आणि लघवीतून प्रोटीन जात होतं. डोंबिवलीच्या डॉक्टरनं सांगितलं की सुरुवात आहे, गोळ्यांनी रोखता येईल, पण दुर्लक्ष करून चालणार नाही. मावशी त्या वेळी बाहेर बसली होती. संदेश बाहेर आला, तिला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं आणि तिच्याकडे न बघताच वळून गेला.

त्या रविवारी तो कोपरीला आला नाही. पुढच्याही नाही. मावशीनं फोन केला नाही. मी म्हटलं, "मी करू का?" तर म्हणाली, "नको. त्याला राग येऊ दे. अक्काला पण आला होता." पण त्या दिवसांत ती फार खंगली. संध्याकाळी दार अर्धवट उघडं ठेवून बसायची. जिन्यात पाय वाजले की मान वर व्हायची, पाय पुढच्या मजल्यावर गेले की खाली.

मग मधल्याच वारी, ऑफिस सुटायच्या वेळेला, तो आला. मी माझ्या दारातच होते. त्यानं बूट काढले, आत गेला. मावशी कोथिंबीर निवडत होती. तो तिच्या शेजारी खाली बसला, भिंतीला टेकून.

"गोळी चालू केलीये," तो म्हणाला.

"सकाळची का रात्रीची?"

"सकाळची."

"उपाशीपोटी नको घेऊ."

तो हो म्हणाला. तिनं कोथिंबिरीची अर्धी जुडी त्याच्यापुढं सरकवली, आणि तो पानं खुडायला लागला. मी दार लोटून घेतलं.